चित्र उरलं, चित्रकथी हरवला

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी आपली पोथी उघडतो, त्यातलं एक पान प्रेक्षकांपुढे उभं धरतो आणि गाऊ लागतो. पानावर फार काही नसतं. धनुष्य ताणलेला एक वीर, समोर दुसरा, मधे एखादं झाड. कोण कुणावर का चालून आला, आधी काय घडलं, पुढे काय व्हायचंय, हे सगळं गाण्यात असतं. त्याच पोथीची सुटी पानं संग्रहालयात काचेमागे लावली की रेषा त्याच राहतात, रंगही तेच, पण बाण नेमका कुणावर रोखलाय हे सांगणारा तिथे नसतो. पाहणारा खालची पाटी वाचतो, ती पुरत नाही, आणि मग तर्क सुरू होतात.

युरोपीय चित्रकलेत हे पोरकेपण फेर्रारा या इटालियन शहरातल्या एका खोलीच्या चित्रांच्या वाट्याला ठळकपणे आलं. तिथला ड्यूक आल्फोन्सो द'एस्ते याने १६व्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकात आपल्या खासगी दालनासाठी काही पौराणिक चित्रं काढून घेतली. विषय प्रेम आणि मद्य. त्यांतली चार आज तीन देशांत विखुरली आहेत. जोव्हान्नी बेल्लिनीची 'देवांची मेजवानी' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. टिशियनची 'व्हीनसची पूजा' आणि 'आंद्रोसवासीयांचा मद्योत्सव' माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात, तर त्याचंच 'बाकस आणि आरियाद्ने' लंडनच्या नॅशनल गॅलरीत. डोस्सो डोस्सी या फेर्राराच्या दरबारी चित्रकाराचं आणखी एक चित्र तिथे होतं, पण ते नेमकं कुठलं यावर अजून वाद आहे.

नागडी माणसं, सांडलेली दारू, झोपलेल्या स्त्रिया, उडणारी बाळं, एक गाढव, दोन चित्ते. या साऱ्याचा अर्थ काय? ग्रंथ वाचणाऱ्यांनी, लग्नपत्रिका शोधणाऱ्यांनी, तत्त्वज्ञांनी, रसायनशास्त्रज्ञांनी आणि अलीकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या हाती काय लागलं आणि काय निसटलं, ते एकदा जुळवून पाहण्यासारखं आहे.

तोफांचा शौकीन

आधी यजमान. आल्फोन्सो १५०५ मध्ये ड्यूक झाला. पुस्तकी राजपुत्र अशी त्याची ख्याती नव्हती. त्याचं खरं वेड तोफा ओतण्याचं. पोप दुसरा ज्युलियस हा त्याचा वैरी. मायकेलअँजेलोने घडवलेला ज्युलियसचा भव्य कांस्यपुतळा बोलोन्याच्या लोकांनी १५११ च्या अखेरीस खाली ओढला, तेव्हा त्याचा धातू आल्फोन्सोने मिळवला, वितळवला आणि त्याची तोफ केली. तिचं नाव ठेवलं 'ज्युलिया'. अशा माणसाने आपल्या विश्रांतीच्या खोलीत प्रेमदेवता व्हीनस आणि मद्यदेव बाकस बोलावले, एवढी एक गोष्ट चित्रांकडे वळण्याआधी ध्यानात ठेवावी.

ही खोली किल्ला आणि ड्यूकचा राजवाडा यांना जोडणाऱ्या आच्छादित मार्गावर होती. तिथल्या दालनांसाठी आंतोनिओ लोंबार्दोने संगमरवरात कोरलेले फलक आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. घरात स्पर्धाही होती. आल्फोन्सोची बहीण इसाबेला, मांतुआची मार्केझा, हिने मांतेन्या, पेरुजिनो अशा नामवंतांकडून आपल्या अभ्यासिकेसाठी पौराणिक चित्रं आधीच करून घेतली होती. तिच्या पदरी असलेला मारिओ एक्वीकोला हा विद्वान १५११ मध्ये फेर्राराला थांबला. या दालनासाठी सहा कथा ठरवून देण्याचं काम आपल्याकडे आलंय, असं त्याचं पत्र सांगतं.

म्हणजे योजना होती. पण योजनेला मृत्यू आडवा आला. ड्यूकला प्रत्येक मोठ्या शहरातला सर्वोत्तम हात हवा होता: व्हेनिसचा बेल्लिनी, फ्लॉरेन्सचा फ्रा बार्तोलोमेओ, रोमचा राफाएल. बेल्लिनीचं चित्र १५१४ मध्ये आलं. त्याच वर्षीची त्याची सही खाली उजवीकडच्या लाकडी टबावर आहे. फ्रा बार्तोलोमेओ 'व्हीनसच्या पूजे'चं एक रेखाटन मागे ठेवून १५१७ मध्ये वारला. राफाएलकडे मागितलं होतं बाकसच्या भारतविजयाचं चित्र. हा देव भारत जिंकून आला, अशी ग्रीक-रोमन आख्यायिका आहे. आपल्या कुठल्याच पुराणाला वा बखरीला या स्वारीची खबर नाही, ते सोडा. राफाएलने रेखाटन पाठवलं, चालढकल केली आणि १५२० च्या एप्रिलमध्ये तोही गेला. उरलं सगळं टिशियनच्या वाट्याला आलं. तेव्हा तो तिशीत होता. ड्यूकच्या व्हेनिसमधल्या वकिलाची पत्रं वाचली तर आपल्याकडच्या दिवाळी अंकाच्या संपादकाने लेखकामागे लावलेला तगादा आठवावा.

म्हणून पहिली शंका इथेच येते. ज्या योजनेतले दोन चित्रकार मधेच गेले, जिचे विषय वाटेत बदलले, तिच्यातून एकसंध अर्थ काढायचा तरी किती?

पोथी सापडली

ग्रंथ शोधणाऱ्यांच्या हाताला सर्वांत ठोस ऐवज लागला. 'व्हीनसची पूजा' आणि 'आंद्रोसवासी' ही दोन्ही चित्रं फिलोस्ट्रेटस या रोमन काळातल्या ग्रीक लेखकाच्या 'चित्रे' नावाच्या पुस्तकावरून आली आहेत, याबद्दल आज फारसा वाद नाही. इसाबेलाने त्या पुस्तकाचं इटालियन भाषांतर करून घेतलं होतं. भावाने ते नेलं आणि परत करायचं नाव घेईना, म्हणून तिने मागणी केल्याचं पत्रही उपलब्ध आहे.

हे पुस्तक ज्या रीतीने लिहिलं आहे, ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. नेपल्सजवळच्या एका घरातल्या चित्रांपुढे वक्ता उभा आहे, सोबत यजमानाचा दहा वर्षांचा मुलगा, आणि वक्ता त्याला एकेक चित्र सांगतोय. हा कोण, ते काय, इथे काय घडतंय, वास कसला येतोय, ते ऐकू आलं का. हा चित्रकथीच की! फरक इतकाच की ती चित्रं कधी होती की लेखकाच्या कल्पनेतलीच, हे नक्की सांगता येत नाही. पिंगुळीत चित्र हातात असतं आणि गोष्ट हवेत. इथे गोष्ट कागदावर राहिली आणि चित्रं हवेत विरली. तेरा शतकांनी टिशियनने त्या शब्दांतून चित्रं परत उभी केली.

'व्हीनसच्या पूजे'त सफरचंदांच्या बागेत पंख फुटलेल्या बाळांचा धुडगूस चाललाय. कुणी फळं तोडतंय, कुणी कुस्ती खेळतंय, कुणी सशाच्या मागे आहे. पुस्तकात याचा उलगडा आहे. सफरचंद फेकणारी जोडी म्हणजे प्रेमाची सुरुवात, एकमेकांवर बाण सोडणारी जोडी म्हणजे जडलेलं प्रेम पक्कं करणं, आणि ससा जिवंत धरायचा कारण तो व्हीनसला आवडता नैवेद्य. एकेक हालचाल अशी जुळत जाते.

'आंद्रोसवासी' चित्रातलं कोडंही पुस्तक सोडवतं. बेटावर दारूची नदी वाहते आहे. मागच्या टेकडीवर पडलेला नागडा म्हातारा म्हणजे खुद्द नदी. पुस्तकात तो द्राक्षघोसांच्या शय्येवर पहुडलेला आहे. दूर समुद्रात जहाज आहे, त्यात मद्यदेव येतोय. ज्याच्या नावाने हा उत्सव चाललाय तो चित्रात कुठेच नाही, आहे फक्त त्याचं शीड.

'बाकस आणि आरियाद्ने'चं गणित जास्त गुंतागुंतीचं. क्रीटची राजकन्या आरियाद्ने, जिने दोऱ्याच्या गुंड्याने थीसियसला चक्रव्यूहातून वाचवलं, तिला तो नाक्सोस बेटावर झोपेत सोडून निघून गेला. तिथे बाकस आपल्या लवाजम्यासह आला आणि तिच्यावर भाळला. मिरवणुकीतले तपशील, म्हणजे अंगाला साप गुंडाळलेला माणूस आणि वासराचे फाडलेले अवयव, हे कातुल्लुस या रोमन कवीकडून आले. रथातून मारलेली उडी ऑव्हिडची. त्याच्या कवितेत रथाला वाघ जुंपलेले आहेत आणि मुलगी भेदरू नये म्हणून देव खाली उडी घेतो. आरियाद्नेच्या डोक्यावर आकाशात आठ ताऱ्यांचं कडं चमकतंय. पुढे तिचा मुकुट नक्षत्र होणार, त्याची ही सूचना. डावीकडे क्षितिजावर थीसियसचं जहाज अजून दिसतंय. म्हणजे भूतकाळ समुद्रावर, वर्तमान वाळूवर आणि भविष्य आकाशात, सारं एकाच कॅनव्हासवर.

पण पोथी जिथे थांबते तिथेच टिशियन सुरू होतो, हे ग्रंथवाद्यांना पुरेसं दिसलं नाही. वाघांच्या जागी चित्ते कुठून आले? ड्यूककडे पाळीव जनावरांचा संग्रह होता, तिथून आले असावेत असं सहसा मानलं जातं. शिकारी चित्ते बाळगणं तेव्हा राजेलोकांना भूषणावह वाटे. आपल्या कोल्हापूर संस्थानात तर ही हौस विसाव्या शतकापर्यंत चालली. आणि त्या चित्त्यांना राजकन्येशी काही देणंघेणंच नाही, ते एकमेकांकडे बघताहेत. समोर वासराचं डोकं दोरीने ओढत आणणारा छोटा सॅटर, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड, आहे, त्याच्यावर एक घरगुती कुत्रा भुंकतोय. हा कुत्रा कुठल्याच कवितेत नाही. मिरवणूक कितीही दैवी असो, गल्लीतलं कुत्रं भुंकणारच, हे मात्र कुणालाही पटेल.

सापवाल्या माणसाबद्दल आणखी एक मत आहे. १५०६ मध्ये रोममध्ये 'लाओकोऑन'चं प्राचीन शिल्प सापडलं आणि चित्रकारांच्या जगात खळबळ उडाली. सर्पांच्या विळख्यातला तो पिळदार देहच टिशियनने इथे नाचवला, असं अनेकजण म्हणतात. ते खरं मानलं तर ज्या देहाने मरणवेदना दाखवली त्याच देहाला चित्रकाराने उन्मादात सामील केलं. ग्रंथ इथे उपयोगाचा नाही, कारण चित्र इथे दुसऱ्या शिल्पाशी बोलतंय.

लग्नाच्या वऱ्हाडात देव

दुसरी वाट एडगर विंड या विद्वानाने १९४८ मध्ये 'देवांची मेजवानी'वर लिहिलेल्या छोट्या पुस्तकाने रुळवली. हे चित्र आल्फोन्सो आणि लुक्रेझिया बोर्जिया यांच्या विवाहाचं स्मरण आहे, देवांचे चेहरे दरबारातल्या खऱ्या माणसांचे आहेत, आणि नेपच्यूनशेजारच्या देवीच्या हातातलं बिहीफळ, म्हणजे क्विन्स, हे प्राचीन विवाहचिन्ह आहे, असं त्याचं म्हणणं.

हे वाचन मोहक आहे. चित्राभोवती एकदम माणसांची गर्दी होते, नात्यागोत्यांची कुजबुज ऐकू येते. देव इतके साधे, घरचे का दिसतात, याचंही उत्तर मिळतं. चांदीच्या ताटांऐवजी त्यांच्यासमोर चिनी निळ्या-पांढऱ्या मातीची भांडी आहेत, जी युरोपीय चित्रांतली अगदी सुरुवातीच्या काळातली. पण लग्न झालं १५०२ मध्ये आणि चित्र आलं १५१४ मध्ये. बारा वर्षांनी लग्नाची भेट कोण देतं? आणि चित्रामागच्या ज्या कथेत, ती पुढे येईलच, एका निजलेल्या मुलीवर हात टाकला जातो, ती लग्नाच्या आठवणीसाठी निवडली जाईल का? पुढच्या अभ्यासकांनी या चेहऱ्यांच्या ओळखी बहुतेक बाजूला ठेवल्या.

अशीच एक दंतकथा 'आंद्रोसवासी'लाही चिकटलेली आहे. मधोमध आडव्या पडलेल्या तरुणीच्या छातीशी व्हायोलेटची फुलं आहेत आणि तिथेच टिशियनची सही. ही त्याची प्रेयसी व्हायोलांते, असं लोक म्हणत आले. फुलावरून बाईचं नाव आणि नावावरून प्रेमप्रकरण. पुरावा नाही, गोड मात्र आहे. सहीची जागा खरी आहे आणि ती चावट आहे, एवढं म्हणून पुढे जावं.

ऋतू, तारे आणि वंश

तिसरी वाट कथेच्या खाली दडलेला गूढार्थ शोधणाऱ्यांची. प्रेमाचे आणि मद्याचे हे दंगे म्हणजे देहापासून आत्म्याकडे जाणाऱ्या प्रवासाची प्रतीकं, असं नवप्लेटोवादी वाचन विसाव्या शतकाच्या मध्यात जोरात होतं. विंड स्वतः त्या पंथातला. एर्विन पानोफ्स्कीचं टिशियनवरचं मोठं पुस्तक १९६९ मध्ये आलं. प्रत्येक चिन्हाला ग्रंथाधार शोधून त्यातून चित्राचा आशय उलगडण्याची ही पद्धत चिन्हमीमांसा म्हणून रूढ झाली ती त्याच्यामुळेच.

अँथनी कोलांतुओनो याने या वाटेवर वेगळीच कमान उभारली. 'देवांच्या मेजवानी'त डावीकडे निळ्या कपड्यातलं एक मूल पिंपातून दारू काढतंय, तेच बाकस. मद्यदेव मूल का? प्राचीन समजुतीप्रमाणे बाकस हा सूर्याचं रूप, आणि हिवाळ्याच्या संक्रमणाला तो बालक असतो. चित्रात खंड्या पक्षीही आहे. हिवाळ्याच्या ऐन मध्यावर समुद्र काही दिवस शांत होतो आणि तेव्हा खंड्या अंडी उबवतो, अशी ग्रीक श्रद्धा होती. म्हणजे हे वर्षातल्या एका ठरावीक काळाचं चित्र. पुढे २०१० मध्ये त्याने या सगळ्या चित्रांना ऋतूंच्या चक्रात आणि त्या काळच्या प्रजननशास्त्रात बसवलं. कुठल्या ऋतूत कामवासना कशी असते, संतती कधी व्हावी, याचं ज्ञान ड्यूकच्या भिंतीवर टांगलेलं होतं आणि त्यामागे एक्वीकोलाचं डोकं होतं, असं त्याचं मत.

खंड्याच्या मुद्द्यात दम आहे, कारण पक्षी कॅनव्हासवर आहे आणि लहान मूलही. पण एवढ्यावरून पूर्ण वैद्यकशास्त्र उभं करणं म्हणजे सणाच्या रांगोळीतल्या पाकळ्या मोजून घरातल्या मुलांची पत्रिका मांडण्यासारखं. अर्न्स्ट गोम्ब्रिखने १९७२ च्या 'प्रतीकात्म प्रतिमा' या पुस्तकात याच सवयीला लगाम घातला होता. चित्राचा आधी एक मुख्य अर्थ ठरवा, ते कुठल्या प्रकारचं आहे आणि कुठल्या जागेसाठी होतं हे पाहा, नंतर बाकीचे अर्थ. नाहीतर ग्रंथालयात कुठल्याही चित्रासाठी कुठला ना कुठला श्लोक सापडतोच, असा त्याचा आशय. ही सूचना अजून जुनी झालेली नाही.

या गर्दीत 'आंद्रोसवासी'मधला एक तपशील मला जास्त बोलका वाटतो. चित्राच्या तळाशी जमिनीवर एक स्वरलिपीचा कागद पडलाय. त्यावर पिण्याबद्दलचं एक छोटं फ्रेंच गाणं आहे आणि ते कॅनन या प्रकारचं, म्हणजे एकाने ओळ उचलली की थोड्या अंतराने दुसऱ्याने तीच ओळ उचलायची, आणि फेर चालूच राहायचा. काही अभ्यासकांच्या मते ते एस्ते घराण्याच्या पदरी असलेल्या आड्रियान विलार्टचं असावं. ते कसं गायचं यावरही विद्वानांनी बराच घाम गाळला. पण इथे गूढार्थ खोदायची गरज नाही. प्याला फिरतो तसा सूर फिरतो, आणि भोवतीची माणसं त्याच फेरात आहेत. चित्राने स्वतःचं वाचन कसं करायचं हे कागदावर लिहून जमिनीवर टाकलंय.

रंगाखालचा रंग

चौथ्या वाटेवर शब्दांऐवजी क्ष-किरण यंत्रं आली. वासारी या १६व्या शतकातल्या चरित्रकाराने लिहून ठेवलं होतं की वृद्ध बेल्लिनीला 'देवांची मेजवानी' पुरी करता आली नाही, ती टिशियनने केली. चारशे वर्षं सगळे तेच म्हणत आले. १९५६ मध्ये क्ष-किरण छायाचित्रांवर आधारलेला जॉन वॉकरचा अभ्यास आला आणि १९८५ ते १९९० दरम्यान चित्राची सफाई व रंगांची तपासणी झाली. बेल्लिनीने आपलं चित्र पूर्ण केलं होतं, हे त्यातून दिसलं. मागे उभ्या झाडांची सलग रांग होती. ती आधी डोस्सोने बदलली आणि नंतर, बहुधा १५२९ मध्ये, टिशियनने डावीकडे उंच कडा आणि झाडी रंगवली, म्हणजे त्याच्या आपल्या चित्रांशेजारी ती शोभावी म्हणून.

आकृत्यांतही फेरफार झाले होते. अप्सरांच्या अंगावरचे कपडे खाली सरकवले गेले, आणि कोण कुठला देव हे कळावं म्हणून गरुड, त्रिशूळ अशी ओळखचिन्हं नंतर जोडली गेली. हे बदल बेल्लिनीने स्वतःच केले असावेत. आधी मेजवानी, नंतर गोष्ट. कदाचित ड्यूकला वा त्याच्या विद्वानाला वाटलं असेल, कोण कोण आलंय तेच कळत नाही. म्हणजे अर्थ समजावून सांगायची धडपड चित्र ओलं असतानाच सुरू झाली होती.

लंडनच्या चित्राचं दुखणं निराळं. प्रवासात ते गुंडाळल्याने रंगाचे पोपडे निघाले. १९६७-६८ च्या सफाईनंतर पिवळट व्हार्निशखालून निळं आकाश बाहेर आलं, तेव्हा टीकाकारांनी ओरड केली की हे फारच भडक झालं. जुन्या तुपकट काळोखालाच लोक टिशियनची प्रौढ छटा समजत होते. पण आरियाद्नेचा निळा हा लाजवर्द, तोही अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून व्हेनिसमार्गे आलेला, तेव्हाच्या सर्वांत महाग रंगांपैकी एक. असा रंग तेलकट धुराखाली झाकायला कुणी विकत घेत नाही. उत्सवाचा अर्थ लावायचा तर उत्सव कुठल्या रंगाचा होता, हे आधी कळायला हवं.

हा उत्सव कुणाचा?

गेल्या तीस-चाळीस वर्षांत विचारला गेलेला प्रश्न सर्वांत अवघड आहे. 'देवांची मेजवानी' ऑव्हिडच्या पंचांगकाव्यातून येते. मेजवानीनंतर सगळे झोपलेले असताना प्रायापस हा बागांचा देव लोटिस नावाच्या निजलेल्या अप्सरेजवळ चोरपावलांनी जातो. तो तिचा पदर उचलतो तेवढ्यात बाकसचा साथीदार सायलीनस याचं गाढव ओरडतं, ती दचकून उठते, सारे जागे होतात आणि त्याचं हसं होतं. ऑव्हिडने हे विनोद म्हणून सांगितलं. बेल्लिनीच्या चित्रात उजव्या टोकाला प्रायापस वाकलाय, हात लोटिसच्या वस्त्रावर आहे, गाढव डावीकडे शांत उभं आहे. अजून ते ओरडलेलं नाही.

डायन वुल्फथल हिने १९९९ मध्ये बलात्काराच्या चित्रांवर लिहिलेलं पुस्तक आणि त्या आसपासचं इतर लेखन यांनी एक साधी गोष्ट बोलून दाखवली. पुराणकथेच्या पडद्याआड राजपुरुषांच्या खोलीत अशी चित्रं कौतुकाने लावली जात आणि अभ्यासक 'काव्यमय शृंगार' म्हणून पुढे जात. २०२० मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत टिशियनच्या उत्तरकालीन पौराणिक चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हाही हाच मुद्दा चर्चेत होता. आता तो टाळता येत नाही.

तो लावून पाहिला की चित्रं वेगळी होतात. 'आंद्रोसवासी'मध्ये खाली उजवीकडे एक नग्न स्त्री डोक्यामागे हात घेऊन निजली आहे. ती पोज व्हॅटिकनमधल्या निजलेल्या आरियाद्नेच्या प्राचीन पुतळ्याची उलटी छबी वाटते. तो पुतळा तेव्हा क्लिओपात्रा समजला जाई. सारं बेट नाचतंय, जवळच एक पोर अंगरखा वर धरून लघवी करतंय, आणि तिच्याकडे चित्रातलं कुणीही बघत नाही. बघतो तो फक्त आपण. 'बाकस आणि आरियाद्ने'त मात्र निजलेली मुलगी जागी आहे. तिचं अंग समुद्राकडे, एक हात जहाजाच्या दिशेने, मान मात्र मागे वळलेली. ती घाबरली आहे की आकर्षित झाली, हे चित्र सांगत नाही, आणि तेच त्याचं बळ.

विखुरलेली खोली

या सगळ्या वाचनांची एक मोठी अडचण म्हणजे खोलीच नाहीशी झाली. एस्ते घराण्याला औरस वारस उरला नाही, म्हणून १५९८ मध्ये फेर्रारा पोपच्या ताब्यात गेलं आणि कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदिनीने चित्रं रोमला नेली. तिथे तरुण पुसाँसारखे चित्रकार ती बघत उभे राहत. १६३० च्या दशकात टिशियनची दोन चित्रं स्पेनच्या चौथ्या फिलिपकडे गेली, लंडनचं चित्र १८२६ मध्ये नॅशनल गॅलरीने घेतलं, आणि बेल्लिनीचं १९४२ मध्ये वॉशिंग्टनला आलं. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर होतं, प्रकाश कुठून येत होता, दारातून आत आल्यावर काय आधी दिसायचं, यावर चार्ल्स होपपासून अनेकांनी वेगवेगळे नकाशे आखले. एकमत झालं नाही. २००३ मध्ये लंडनच्या टिशियन प्रदर्शनात ही चित्रं पुन्हा एका छताखाली आली, पण तो मेळ थोड्या दिवसांचा.

मग निकाल कुणाच्या बाजूने? माझ्या मते ग्रंथांची वाट अटळ आहे, पण ती दारापर्यंतच नेते. क्ष-किरणांनी सांगितलेलं सर्वांत पक्कं आहे, कारण ते कुणाला काही पटवायला निघालेलं नव्हतं. लग्नाची वाट कल्पनारम्य, ऋतूंची अर्धवट, आणि स्त्रीवादी वाचनाने या चित्रांना पहिल्यांदा एक प्रेक्षक दिला जो आल्फोन्सोच्या खुर्चीत बसलेला नाही. यांतला प्रत्येकजण आपण हरवलेला चित्रकथी आहोत असं सांगतो. पण मूळ गाणं एकच होतं, असं मानायला आधार कुठे आहे? खुद्द खोली भरत असतानाच विषय बदलत होते, चित्रकार मरत होते, देवांच्या हातात ओळखचिन्हं मागाहून येत होती.

एक गोष्ट मात्र चारही चित्रांत सारखी दिसते आणि ती कुठल्याही ग्रंथातून आलेली नाही. उत्सव नेहमी कशाच्या तरी उंबरठ्यावर थांबलेला आहे. गाढव ओरडायचं आहे. बाळांनी पकडलेला ससा अजून वेदीवर नाही. मद्यदेवाचं जहाज किनाऱ्याला लागायचं आहे. बाकसचा एक पाय रथात आहे, दुसरा हवेत, लाल वस्त्र मागे फडफडतंय, आणि तो जमिनीवर कधीच टेकणार नाही.

पिंगुळीचा चित्रकथी कडवं संपत आलं की पुढच्या पानाला बोट लावतो, पण लगेच उलटत नाही. सूर लांबवतो, समोरचे पुढे झुकतात. टिशियनने आणि बेल्लिनीने रंगवलं ते तेवढंच. पान उलटणारा हात पाचशे वर्षांपूर्वी गेला. आपण अजून पुढे झुकून उभे आहोत, आणि अर्थ लावणं म्हणतो ते बहुधा या झुकण्यालाच.